गल्ल्यावरचा फोन आणि भिंतीवरची पेटी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नृसिंहवाडीहून निघालेल्या पेढ्याच्या खोक्यावर दुकानाच्या नावाखाली फोन नंबर छापलेला असतो. हल्ली तो बहुधा मोबाइलचा असतो, पण जुन्या दुकानांचा ०२३२२ ने सुरू होणारा नंबरही त्याच्या शेजारी टिकून असतो. पुण्या-मुंबईहून, बेळगाव-हुबळीहून आलेला माणूस पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी घेऊन घरी जातो. खोकं चार दिवसांत रिकामं होतं, नंबर मात्र घरच्या डायरीत उतरतो. पुढच्या पौर्णिमेला खोली मिळेल का, दत्तजयंतीला पाच किलो पेढे बांधून ठेवाल का, हे विचारायला तोच नंबर फिरवला जातो. दुकानात गल्ल्यावरचा माणूस बदलतो, मुलाच्या जागी नातू बसतो, तरी नंबर तोच राहतो. छोट्या धंद्याची पत ज्या गोष्टींवर उभी असते त्यांत हा नंबर फार वरचा आहे, असं मला वाटतं.

अनेक ठिकाणी या नंबरामागची तार मात्र गेलेली आहे. तांब्याची जोडी काढून तिच्या जागी काचेचा बारीक धागा आला. भिंतीवर एक पांढरी पेटी बसली, तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकू लागले आणि जुन्याच फोनची वायर त्या पेटीत खुपसली गेली. लाइनमनने रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकवला, मालकाने मान हलवली, काम झालं. इंटरनेट टेलिफोनी गेटवे या भारदस्त नावाची वस्तू लाखो दुकानांत आणि घरांत अशी गाजावाजा न करता शिरली. बीएसएनएलच्या फायबरवरचा लँडलाइन फोन हा आतून इंटरनेट पद्धतीचाच फोन आहे. त्याची पाकिटं खुल्या इंटरनेटवर भटकत नाहीत, कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून जातात, एवढाच फरक.

पेटीला दोन भाषा सांभाळाव्या लागतात. फोनच्या बाजूला तिला जुनं एक्स्चेंज व्हावं लागतं: वायरीत ४८ व्होल्टांच्या आसपासचा दाब ठेवायचा, रिसीव्हर उचलला की डायल टोन द्यायचा, कॉल आला की वायरीत मोठ्या दाबाचा प्रवाह सोडून घंटी वाजवायची, दाबलेल्या बटणांचे सूर ओळखायचे. या बाजूच्या तोंडाला एफएक्सएस म्हणतात. दुसऱ्या बाजूला ती संगणक असते. आवाज दर सेकंदाला ८,००० वेळा मोजते, प्रत्येक मापाचा आकडा करते आणि साधारण २० मिलिसेकंदांचे आकडे एका पाकिटात भरून धाडते. सेकंदाला अशी ५० पाकिटं जातात, ५० येतात. फोन कुठून कुठे लावायचा, पलीकडचा वाजतोय की गुंतलाय, कोणी ठेवला, या निरोपानिरोपीसाठी सिप नावाची ठरलेली पद्धत आहे. तिचा पहिला आराखडा १९९९ चा, आज चालणारा २००२ चा.

काही गेटवेंना एफएक्सओ नावाचं उलटं तोंडही असतं. त्यात एक्स्चेंजहून आलेली जुनी लाइन जोडतात आणि पेटी तिच्यासमोर फोन असल्यासारखी वागते. ही दोन तोंडं दिसायला तंतोतंत सारखी असतात, आणि चालू लाइन एफएक्सएसमध्ये खुपसली तर पोर्ट जळू शकतो. नवीन पेटी घेणाऱ्याने वायर जोडण्याआधी हे पाठ करावं. आणखी एक: बंगळुरूच्या आयटीआय कारखान्यातून आलेला, भोकांत बोट घालून फिरवायचा काळा फोन कोणी जपून ठेवला असेल, तर तो अशा पेटीवर वाजेल, बोलणंही होईल, पण त्यावरून नंबर लागेलच असं नाही. चकती फिरताना लाइन तुटक तुटक होते. त्या तुटण्याचे ठोके मोजायची सोय बऱ्याच पेट्यांत ठेवलेलीच नसते.

फोनने इथवर यायला घेतलेला वेळ पाहिला की पेटीची किंमत कळते. भारतात मधल्या ऑपरेटरशिवाय परगावी फोन लागू लागला तो १९६० मध्ये, लखनौ आणि कानपूरच्या दरम्यान. खेड्यांपर्यंत ती सोय यायला आणखी पाव शतक गेलं. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था सुरू झाली आणि सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने तिने १२८ लाइनींचं, वातानुकूलित खोली न मागणारं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. त्यांतलं पहिलं बसलं १९८६ मध्ये, आपल्या शेजारच्याच बेळगाव जिल्ह्यात, कित्तूरला. धूळ, उकाडा आणि लहरी वीज सोसणारं यंत्र असलं पाहिजे, हा त्यामागचा विचार होता आणि तो अगदी बरोबर होता. पुढे गावोगाव पिवळ्या रंगात एसटीडी, आयएसडी, पीसीओ अशी अक्षरं आली. त्याच पाटीवर थोड्याच दिवसांत फॅक्स आणि झेरॉक्स हे शब्द चढले. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून बूथपुढे रात्रीच रांग लागे.

अशा चढ्या दरांनीच गेटवेला जन्म दिला. १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने संगणकावरून संगणकावर बोलण्याचा प्रोग्रॅम विकायला काढला. दोन्हीकडे संगणक हवा, दोघं एकाच वेळी त्याच्यापुढे बसलेले हवेत, ही त्यातली अडचण. पुढच्याच वर्षी इंटरनेट आणि साधा फोन यांना सांधणारी यंत्रं बाजारात आली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं, पण त्यावरून बोलायला बंदी ठेवली. परदेशी कॉलचं उत्पन्न बुडण्याची भीती त्यामागे होती. १ एप्रिल २००२ ला ती बंदी अर्धी उठली: संगणकावरून संगणकावर, आणि संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोलायला परवानगी मिळाली. देशातल्या देशात मात्र इंटरनेट आणि साधा फोन यांची गाठ मारायला मनाई राहिली. ही गाठ मारणं हेच गेटवेचं काम असल्यामुळे आपल्याकडच्या छोट्या व्यापाऱ्याला ते यंत्र कितीतरी वर्षं कचेरीच्या चार भिंतींतच वापरावं लागलं. दूरसंचार नियामक ट्रायने २०१७ मध्ये शिफारस केली, २०१८ च्या जूनमध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत बदल केला आणि परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून देशात कुठल्याही फोनवर कॉल देण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी जुलैत बीएसएनएलने विंग्स ही अशी सेवा जाहीर केली.

तोवर काळ पुढे गेला होता. मार्च २००६ पासून बीएसएनएलच्या एका योजनेत देशभर एक रुपया मिनिटाने बोलता येऊ लागलं होतं, मोबाइल स्वस्त झाले होते. म्हणजे अमेरिकेतल्या दुकानदाराने गेटवे घेतला तो बिल वाचवायला. आपल्याकडे तो आला तेव्हा वाचवण्यासारखं बिलच फारसं उरलं नव्हतं. आपल्याकडे त्याचं मोल दुसरंच आहे. जुना नंबर, जुनं यंत्र आणि माणसाच्या हाताची सवय यांना धक्का न लावता मागची सगळी व्यवस्था तो बदलू देतो.

सवयीला धक्का न लावणं ही किती मोठी गोष्ट आहे याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी समूहाच्या परिसरातली ७० गावं संगणकांनी जोडण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. ऊसउत्पादकाला तोडणीची, वजनाची, बिलाची माहिती गावातच मिळावी हा हेतू. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहिलं, तर हे संगणक प्रामुख्याने ठरावीक दोन-चार कामांनाच वापरले जात होते. २००६ मध्ये त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली, आणि ते चाललं. शेतकऱ्याच्या हातात जे होतं त्यातूनच काम झालं.

आता पेटीच्या कामातल्या अडचणींकडे येऊ, कारण आवाज तुटतो, फॅक्स अडकतो या तक्रारींचं मूळ तिथे आहे.

आवाजाचे आकडे जसेच्या तसे पाठवण्याच्या पद्धतीला जी.७११ म्हणतात. तिला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. पण प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक, वेळ अशी ४० बाइटची नोंद चढते आणि आकडा ८०,००० च्या घरात जातो. जी.७२९ ही दुसरी पद्धत आवाज पिळून तो ८,००० बिटांत बसवते. वीस मिलिसेकंदांचा आवाज तिथे फक्त २० बाइट उरतो, पत्त्याची नोंद मात्र ४० बाइटचीच राहते. पेढ्यापेक्षा पुडा जड, असा हा प्रकार; तरी एकूण २४,००० बिटांतच भागतं. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा २५६ किलोबिटचा वेग मोठा वाटत असे, आणि त्यातही वर जाणारी वाट खाली येणाऱ्या वाटेपेक्षा अरुंद असे. अशा लाइनीवर जी.७११ चे दोन-तीन कॉल झाले की वाट भरली. त्यात कोणी फोटो पाठवायला घेतला की बोलणं तुकड्यातुकड्यांत ऐकू येई. आजच्या फायबरवर वेगाचा प्रश्न उरलेला नाही. उरला आहे तो नियमितपणाचा.

पाकिटं एकामागून एक निघतात, पण पोचतात मागेपुढे. म्हणून पलीकडची पेटी थोडी थांबते, चार-दोन पाकिटं जमू देते आणि मग एका लयीत ऐकवते. या थांबण्याला मर्यादा आहे. तोंडातून निघालेला शब्द दुसऱ्याच्या कानी दीडशे मिलिसेकंदांत पोचला तर संभाषण सहज चालतं. त्याहून फार उशीर झाला की दोघं एकदमच बोलू लागतात, एकदमच गप्प होतात. याच उशिराने प्रतिध्वनीही उघडा पडतो. साध्या फोनमध्ये जाणारा आणि येणारा आवाज एकाच वायरीच्या जोडीवर असतो, आणि आपल्या बोलण्याचा थोडा अंश परत फिरतोच. पूर्वी तो इतक्या झटकन परते की जाणवत नसे. पाकिटांच्या वाटेने तो रेंगाळत येतो आणि आपलाच शब्द आपल्याला पुन्हा ऐकू येतो. तो पुसण्याचं गणित चांगल्या गेटवेत अखंड चालू असतं. स्वस्त आणि चांगल्या पेटीतला फरक बहुतेक वेळा इथेच कानाला कळतो.

फॅक्सची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. फोन स्वच्छ लागतो, बोलणं खणखणीत होतं, आणि त्याच लाइनीवर फॅक्स मात्र अर्ध्या पानावर थांबतो. दुकानदार म्हणतो मशीन बिघडलं, मशीनवाला म्हणतो लाइन खराब. दोघांचंही म्हणणं चुकतं.

फॅक्स यंत्र कागदावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघांचे सूर करून ते फोनवरून गाऊन पाठवतं. आधी पाठवणारं यंत्र दर तीन-साडेतीन सेकंदांनी ११०० हर्ट्झचा आखूड सूर देतं. घेणारं यंत्र २१०० हर्ट्झच्या लांब सुराने उत्तर देतं. मग दोघं अगदी संथ गतीने एकमेकांची कुवत विचारतात, ९,६०० किंवा १४,४०० बिटांचा वेग ठरवतात, सराव म्हणून ठरावीक सूर पाठवून लाइन तपासतात आणि मगच पान सुटतं. १९८० च्या सुमाराला ठरलेली ही पद्धत तांब्याच्या सलग तारेसाठी होती. आवाजातलं एखादं पाकीट हरवलं, तर पेटी आधीचाच तुकडा लांबवून फट बुजवते आणि माणसाचा कान ते सोडून देतो. फॅक्सला तेवढ्या फटीत पानाची एक पट्टी गमवावी लागते, नाहीतर यंत्रांची लयच तुटते. जी.७२९ तर फॅक्सचा शत्रूच म्हणावा लागेल. ती पद्धत माणसाच्या कंठातून निघणाऱ्या आवाजाचं अनुमान बांधून चालते. फॅक्सचे सूर कंठातून निघालेले नसतात, त्यामुळे पलीकडे जे उमटतं त्यातून यंत्राला काहीच वाचता येत नाही.

यावर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने टी.३८ नावाचा तोडगा मंजूर केला. तो मला फार आवडतो, कारण त्यात सूर पाठवायचे हा हट्टच सोडून दिला आहे. गेटवे फॅक्सचा सूर ओळखतो आणि आवाजाची कामगिरी बंद करून स्वतःच फॅक्स यंत्रासारखा वागू लागतो. समोरच्या मशीनचे सूर तो तिथल्या तिथे वाचतो, त्यांतली पानाची माहिती तेवढी काढून पाकिटांत भरतो. प्रत्येक पाकिटात आधीच्या एक-दोन पाकिटांची नक्कलही ठेवतो, म्हणजे एखादं हरवलं तरी पुढच्यातून ते भरून काढता येतं. पलीकडचा गेटवे त्या माहितीचे पुन्हा सूर करून तिकडच्या यंत्राला ऐकवतो. दोन्ही यंत्रांना वाटतं आपण जुन्या तारेवरच आहोत.

अट एकच: वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला टी.३८ यायला हवं. आपल्या पेटीत ते आहे, पण सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत चालू नाही, असं झालं की सगळी मेहनत वाया. मग उरतो साधा उपाय. त्या पोर्टवर फक्त जी.७११ ठेवायचं, शांततेत पाकिटं न पाठवण्याची काटकसर बंद करायची, पाकिटांसाठी थांबण्याचा वेळ बदलता न ठेवता पक्का करायचा आणि फॅक्स मशीनचा वेग ९,६०० वर उतरवायचा. नव्या मशीनमध्ये ३३,६०० बिटांचा जलद प्रकार असतो. तो आधी बंद करावा. पान काही सेकंद उशिरा जाईल, पण जाईल. फोन लाइनीवर चालणारं जुनं कार्ड मशीन, चोरीची सूचना देणारा अलार्म ही सगळी फॅक्सचीच भावंडं आहेत. त्यांनाही हाच त्रास होतो आणि हेच औषध लागू पडतं. फॅक्स आता आपल्याकडे ओसरला, स्कॅन करून मेल करणं सोपं झालं. पण ज्याच्या समोरच्या कचेरीत अजून फॅक्सच मागतात, त्याला हे माहीत असलेलं बरं.

मोठ्या लॉजला किंवा गोदामाला चार, आठ, चोवीस तोंडांचे गेटवे मिळतात. वडोदऱ्याची मॅट्रिक्स ही कंपनी आपल्याकडे असे गेटवे बनवते. खोल्याखोल्यांतले जुने इंटरकॉम आणि त्यांना जोडणारं जुनं छोटं एक्स्चेंज, म्हणजे ईपीएबीएक्स, तसंच ठेवून पुढे गेटवे लावता येतो. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने स्वतःच्या धंद्यासाठी महागडं एक्स्चेंज परवडेना म्हणून अ‍ॅस्टेरिस्क हा प्रोग्रॅम लिहिला आणि तो सर्वांना मोकळा दिला. साध्या संगणकाचं एक्स्चेंज करण्याची वाट त्याने छोट्या धंद्यांना दाखवली.

इथे दोन धोके आहेत आणि ते मी तळमळीने सांगतो. पहिला कायद्याचा. दुबईतला नातेवाईक म्हणेल, तुझ्या दुकानात एक पेटी ठेव, इंटरनेटवरून आलेले कॉल तिथल्या लाइनीवर किंवा सिमकार्डांवर सोड, महिन्याला पैसे देतो. हे बेकायदा एक्स्चेंज आहे. त्यातून परदेशी कॉल देशी नंबराचा मुखवटा घालून येतात, ते कोणी केले हे शोधता येत नाही. १८८५ च्या तार कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत परवान्याशिवाय असं जाळं चालवणं हा गुन्हाच आहे, आणि नाव जागा देणाऱ्याचं येतं. दुसरा धोका चोरीचा. गेटवे इंटरनेटला उघडा ठेवला आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहू दिला, तर जगभर फिरणारे चोरटे प्रोग्रॅम तो हुडकून काढतात. मग रात्रीच्या रात्री महागड्या परदेशी नंबरांवर कॉल होतात आणि बिल दुकानाच्या नावावर चढतं. पासवर्ड बदलणं आणि गरज नसेल तर आयएसडी कंपनीकडूनच बंद करून घेणं, या दोन कामांना पैसा लागत नाही.

नृसिंहवाडीत याहून मोठा प्रश्न पाण्याचा. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर गाव वसलं आहे. पावसाळ्यात पाणी मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याला लोक धावतात. सोहळा झाला का, रस्ता चालू आहे का, हे विचारायला गावातले फोन वाजत राहतात. पाणी आणखी वाढलं तर हाच फोन आधारासाठी वाजतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनी शिरोळ तालुक्याला काय दाखवलं हे इथे कोणाला सांगायला नको. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून येत असे. गावात अंधार असला तरी एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवर फोन चाले. पाणी सांध्यात शिरलं की मात्र खरखर सुरू होई आणि लाइन मरे. फायबरचं उलटं आहे. काचेतून प्रकाश जातो, त्याला ओलीचं भय नाही. पण भिंतीवरच्या पेटीला वीज दुकानातूनच लागते. पुरात महावितरण सुरक्षेसाठी पुरवठा बंद करतं आणि त्या क्षणी कोरडा, धडधाकट फोन मुका होतो. विजेची जबाबदारी एक्स्चेंजकडून दुकानदाराकडे आली, हे पेटी बसवताना कोणी समजावून सांगत नाही. सांगायला हवं.

पेटी साधारण दहा वॅट वीज खाते. बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीवर ती पाच-सहा तास निघते, मोठ्या बॅटरीवर दिवसभर. मिनी यूपीएस घ्यावा, आणि पेटी व बॅटरी दोन्ही मागच्या महापुराच्या खुणेच्या वर बसवाव्यात. माळा असेल तर माळ्यावर. गल्ल्यापर्यंत फोनची साधी वायर खाली आणता येते, ती भिजली तर बदलता येते. पलीकडे कंपनीच्या केंद्रातली वीज गेली तर आपल्या बॅटरीचा उपयोग नाही, म्हणून कॉल फॉरवर्डची सोयही लावून ठेवावी. फोन पोचत नसेल तर कॉल मोबाइलवर वळवा, ही सूचना कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेली असते. दुकान पाण्यात असलं तरी ती काम करते. माणसं कुरुंदवाडला, जयसिंगपूरला नातेवाइकांकडे गेलेली असतात आणि खोक्यावरचा तोच नंबर त्यांच्या खिशात वाजतो. मृगाच्या आधी एकदा पेटीचा अडॅप्टर काढून दुसऱ्या फोनवरून हा नंबर लावून पाहावा. मोबाइल वाजला नाही, तर पाऊस लागायच्या आत कंपनीकडून नोंद दुरुस्त करून घ्यायला वेळ मिळतो. फॅक्सचा नंबर वेगळा असेल तर त्याला ही सोय लावू नये. मोबाइल उचलला की नुसता बारीक सूर ऐकू येतो आणि पाठवणाऱ्याला कागद पोचला नाही हेही लवकर कळत नाही.